रेणूंचा डबा आणि ज्वलनाची समीकरणं: घेण्याआधी लाल गोळे मोजा

रंगीत गोळे आणि काड्या जोडून रेणू बनवायचा संच बहुतेक जण झाकणावरचं चित्र पाहून घेतात. झाकणावर बेंझिनचं देखणं कडं असतं, आत काय आणि किती आहे ते बाजूला बारीक अक्षरात. ज्वलनाची समीकरणं शिकवायची असतील तर ती बारीक अक्षरंच आधी वाचायला हवीत. इथे ज्या डब्याचं परीक्षण आहे तो शाळेच्या पातळीवरचा, मध्यम आकाराचा. असे डबे वेगवेगळ्या नावांनी मिळतात, म्हणून नावात न शिरता आतल्या मोजणीवरच बोलू. आकार, समघटक वगैरे सेंद्रिय रसायनाच्या गोष्टींसाठी डबा चांगला आहे, पण तो विषय वेगळा. इथे कसोटी एकच: ज्वलनाची अभिक्रिया ओळखायला आणि तिचं समीकरण संतुलित करायला, म्हणजे दोन्ही बाजूंचे अणू सारखे करायला, हा डबा कितपत उपयोगी पडतो?

आतला ऐवज असा: कार्बनचे काळे गोळे १२, प्रत्येकाला चार भोकं. हायड्रोजनचे पांढरे २४, प्रत्येकी एक भोक. ऑक्सिजनचे लाल ८, दोन भोकं. नायट्रोजनचे निळे ४, क्लोरिनचे हिरवे ४. एकेरी बंधासाठी सरळ काड्या ४०, दुहेरी-तिहेरी बंधासाठी वाकणाऱ्या नळ्या १२. सोबत अभिक्रिया ज्वलन आहे की नाही ते ओळखायचे २४ पत्ते (ओळखपत्ते) आणि एक माहितीपत्रक. रंग रूढ आहेत तेच आहेत. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल ही वाटणी जुनी आहे. १८६५ साली रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या व्याख्यानात क्रोके या खेळाच्या चेंडूंपासून केलेल्या प्रतिकृती दाखवल्या, त्यातही हेच रंग होते. त्यांचा मिथेन मात्र सपाट होता. या डब्यातल्या काळ्या गोळ्याची भोकं चार दिशांना, चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे आहेत, म्हणून मिथेन टेबलावर तीन पायांवर उभा राहतो.

सुरुवात मिथेननेच करावी, कारण इथे डबा अगदी झकास वागतो. एक काळा, चार पांढरे, चार काड्या: मिथेन तयार. दोन लाल गोळ्यांमध्ये दोन नळ्या वाकवून बसवल्या की ऑक्सिजनचा एक रेणू; असे दोन करायचे. डावी बाजू झाली. आता नियम एकच: उजवी बाजू बांधायला डब्याला हात लावायचा नाही. डावीकडचं सगळं सोडवायचं आणि त्याच तुकड्यांतून कार्बन डायऑक्साइडचा एक आणि पाण्याचे दोन रेणू करायचे. चार काड्या आणि चार नळ्या सुटतात, चार काड्या आणि चार नळ्याच परत लागतात. टेबलावर काही उरत नाही आणि काही कमीही पडत नाही. वस्तुमान अक्षय्यतेचा नियम फळ्यावर दहा वेळा लिहून जेवढा डोक्यात शिरत नाही तेवढा या रिकाम्या टेबलाने शिरतो.

उजवी बाजू बांधायला डब्याला हात न लावण्याचा हा नियम माहितीपत्रकात नाही, आणि तिथेच निम्मा फायदा वाया जातो. पत्रकात डावी आणि उजवी बाजू शेजारी-शेजारी, वेगवेगळ्या गोळ्यांनी बांधायला सांगितली आहे. तसं केलं की मुलं दोन स्वतंत्र चित्रं जुळवतात. अभिक्रियेत अणू तेच राहतात आणि त्यांची जोडणी बदलते, हे हाताला कळतच नाही. शिवाय दुप्पट गोळे लागतात, आणि लाल गोळ्यांची या डब्यात आधीच बोंब आहे.

त्या बोंबेकडेच वळू. ज्वलन ऑक्सिजन खातं, आणि भरपूर खातं. नियम सोपा आहे: पूर्ण ज्वलनात प्रत्येक काळ्या गोळ्यामागे एक लाल जोडी, म्हणजे ऑक्सिजनचा एक रेणू लागतो, आणि दर चार पांढऱ्या गोळ्यांमागे आणखी एक. इंधनातच लाल गोळे असतील तर दर दोन गोळ्यांमागे एक जोडी वजा. या एका ओळीवर कुठलंही इंधन तपासता येतं. प्रोपेनमध्ये ३ काळे, ८ पांढरे, म्हणजे ३ अधिक २, पाच जोड्या, दहा लाल गोळे. डब्यात आठ. म्हणजे प्रोपेन एका डब्यात जळत नाही! इथाइनही नाही: त्याच्या संतुलित समीकरणात इथाइनचे दोन आणि ऑक्सिजनचे पाच रेणू येतात, म्हणजे पुन्हा दहा लाल, शिवाय नळ्या सोळा लागतात आणि आहेत बारा.

ब्युटेनची गत तर विचारूच नका.

२ ब्युटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

इथे लाल गोळे २६. तीन डबे एकत्र केले तरी २४ होतात, दोन कमीच. चौथा डबा आणल्याशिवाय ब्युटेनचं समीकरण टेबलावर पुरं होत नाही. आणि गंमत म्हणजे माहितीपत्रकात सरावासाठी दिलेली चार इंधनं आहेत मिथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि इथेनॉल. चारपैकी दोन या डब्यातून बांधताच येत नाहीत. पत्रक लिहिणाऱ्याने गोळे मोजले नसावेत. असे संच मुळात सेंद्रिय रेणूंच्या आकारांसाठी बनतात. तिथे काळे-पांढरे भरपूर लागतात आणि लाल अधूनमधून. काळे बारा देऊन लाल आठ देण्यामागे तेच कारण दिसतं. ज्वलनाच्या दृष्टीने हे प्रमाण अगदी उलटं हवं.

एका डब्यात पुरी होणारी यादी तरीही अगदीच लहान नाही. हायड्रोजन (लाल २), मिथेन (४), इथीन (६), अॅसेटिक आम्ल (६), इथेनॉल (७) आणि मिथेनॉल (८). दोन डबे घेतले तर लाल १६ आणि नळ्या २४ होतात. मग प्रोपेन, इथाइन आणि इथेनही बसतात. इथेनला दोन रेणूंमागे ऑक्सिजनचे सात रेणू, म्हणजे १४ लाल लागतात. ग्लुकोजला १८ लागतात, तेव्हा त्याचं नाव दोन डब्यांतही काढू नये. वर्गासाठी घेत असाल तर चार-पाच मुलांच्या गटामागे दोन डबे हा माझ्या मते किमान हिशेब आहे. लाल गोळे आणि नळ्या सुट्या मिळत असतील तर एक डबा आणि आठ सुटे लाल, बारा सुट्या नळ्या हा त्याहून शहाणा सौदा.

या सगळ्या यादीत मिथेनॉलवर मुद्दाम थांबायला हवं, कारण या डब्याचं खरं सोनं तिथे आहे आणि पत्रकात त्याचा उल्लेखही नाही.

मिथेनॉलचा एक रेणू बांधा: एक काळा, चार पांढरे, एक लाल. तीन पांढरे थेट काळ्यावर, चौथा लाल गोळ्यावर. शेजारी ऑक्सिजनचा एक रेणू ठेवून पाहा. सोडवून जोडायला घेतलं की लाल तीनच भरतात, आणि कार्बन डायऑक्साइडला दोन व पाण्याच्या दोन रेणूंना दोन मिळून चार हवेत. एक कमी. म्हणून ऑक्सिजनचा दुसरा रेणू घ्यायचा. आता लाल पाच झाले. सगळं जोडून झाल्यावर एक लाल गोळा टेबलावर एकटा पडून राहतो, दोन्ही भोकं रिकामी. इथे गप्प बसावं आणि मुलांना बघू द्यावं. तो गोळा कुठे टाकायचा? डब्यात परत? मग अर्धाच रेणू वापरला असं होतं, आणि ऑक्सिजनचा अर्धा रेणू बाटलीत मिळत नाही. कागदावर हाच क्षण ‘दीड ऑक्सिजन’ म्हणून येतो आणि मूल यंत्रासारखं सगळ्याला दोनने गुणतं. टेबलावर मात्र दोनने का गुणायचं ते दिसतं: त्या एकट्या गोळ्याला जोडीदार हवा म्हणून. मिथेनॉलचा दुसरा रेणू आणला, ऑक्सिजनचे एकूण तीन ठेवले, की लाल होतात बरोबर आठ. डब्यातले सगळे. उजवीकडे कार्बन डायऑक्साइडचे दोन, पाण्याचे चार, आणि हातात काही उरत नाही.

२ मिथेनॉल + ३ ऑक्सिजन → २ कार्बन डायऑक्साइड + ४ पाणी

इंधनात आधीच असलेला ऑक्सिजन विसरणं ही कागदावरची सर्वांत घट्ट रुजलेली चूक. इथेनॉलमध्ये ती हमखास होते: उजवीकडे सात ऑक्सिजन अणू मोजले, दोनने भागले, साडेतीन लिहिले, दुप्पट करून सात केले आणि उत्तर चुकलं. इथेनॉलच्या रेणूत एक लाल गोळा आधीच आहे, म्हणून बाहेरून सहाच हवेत, म्हणजे तीनच रेणू. गोळ्यांवर ही चूक करूच शकत नाही, कारण तो लाल गोळा डोळ्यांसमोर असतो आणि सोडवल्यावर ढिगात पडतो. याच रेणूवर आणखी एक बारकावा दाखवता येतो. इथेनॉल आणि ऑक्सिजनचे तीन रेणू बांधायला ८ काड्या आणि ६ नळ्या लागतात. उत्पादितांना, म्हणजे उजवीकडच्या रेणूंना, ६ काड्या आणि ८ नळ्या. जोडण्या एकूण १४ च राहतात, पण दोन काड्या डब्यात परत जातात आणि दोन नळ्या बाहेर येतात. डब्याला हात न लावण्याचा नियम इथे गोळ्यांपुरता ठेवावा, काड्या-नळ्यांना सूट द्यावी. नाहीतर मिथेनचं पाहून मुलं समजतात की बंधांचे प्रकारही जसेच्या तसे राहतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे सहगुणकाऐवजी (रेणूच्या आधी लिहिलेल्या आकड्याऐवजी) रेणुसूत्रातला खालचा आकडा बदलणं. ऑक्सिजन जुळत नाही, मग पाण्याच्या सूत्रात एक ऑक्सिजन वाढवून टाकायचा. इथे डब्याची मदत अर्धीच आहे, आणि हे आधी माहीत असावं. पाण्यात तिसरा हायड्रोजन घुसवायला गेलं तर लाल गोळ्याला तिसरं भोकच नाही, डबा स्वतःच नाही म्हणतो. पण दुसरा लाल गोळा घुसवला तर तो बिनबोभाट बसतो: पांढरा, लाल, लाल, पांढरा. सगळी भोकं भरलेली, दिसायला नीटनेटकं, आणि झालं काय तर पाण्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड. म्हणून ‘भोकं भरली म्हणजे बरोबर’ असं कधीच सांगू नये. बांधण्याआधी उत्पादितांची नावं कागदावर पक्की करायची, मग गोळ्यांना हात.

कागदावरचा क्रमही या डब्याशी जुळवून शिकवावा: आधी कार्बन, मग हायड्रोजन, शेवटी ऑक्सिजन. शेवटी का, तर ऑक्सिजन उजवीकडे दोन्ही उत्पादितांत विखुरलेला असतो आणि डावीकडे मात्र एकटा, सुट्या मूलद्रव्याच्या रूपात. त्याचा सहगुणक बदलला तर दुसरं कुठलंच मूलद्रव्य हलत नाही. गोळ्यांवर हे असं करायचं: आधी सगळ्या काळ्यांचे कार्बन डायऑक्साइडचे सांगाडे मांडायचे, मग पांढऱ्यांच्या जोड्या लावायच्या, आणि भोकं किती रिकामी राहिली ते पाहून लाल मागवायचे. ऑक्सिजनपासून सुरुवात केली की प्रत्येक पावलाला मागे यावं लागतं. ऑक्टेनपर्यंत गेलं की गोळे सोडून द्यावेत. ८ कार्बन आणि १८ हायड्रोजन, म्हणजे ८ अधिक साडेचार, साडेबारा जोड्या. दुप्पट करून ऑक्टेनचे २, ऑक्सिजनचे २५, कार्बन डायऑक्साइडचे १६ आणि पाण्याचे १८. लाल गोळे ५०. इथवर आलेल्या मुलाला डब्याची गरज उरलेली नसते.

आता ओळखपत्ते. कल्पना चांगली: प्रत्येक पत्त्यावर एक अभिक्रिया, मागे ‘ज्वलन’ किंवा ‘ज्वलन नाही’. छपाई स्वच्छ, पुठ्ठा जाड. पण उत्तरांमागची व्याख्या तोकडी आहे. पत्रक म्हणतं, उजवीकडे कार्बन डायऑक्साइड आणि पाणी दिसलं की ज्वलन. या नियमाने खायच्या सोड्याचं तापवल्यावर होणारं अपघटनही ज्वलन ठरेल, कारण त्यातून सोडियम कार्बोनेटबरोबर हे दोन्ही बाहेर पडतात. धुण्याच्या सोड्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तरी मिठाबरोबर हेच दोघे. दोन्हीकडे ऑक्सिजन वायू लागतच नाही. उलट बाजूने पाहिलं तर हायड्रोजन जळतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड कुठेच नसतो, मॅग्नेशियमची फीत जळते तेव्हा पाणीही नसतं. तरी दोन्ही अस्सल ज्वलनं.

म्हणून पत्ते वापरायचेच असतील तर नजर आधी डावीकडे वळवावी. तिथे ऑक्सिजन वायू सुटा आहे का? असेल तर त्याच्याबरोबर जळणारा पदार्थ आहे का? मग उजवीकडे त्या पदार्थातल्या मूलद्रव्यांची ऑक्साइडं मिळतात का? आणि उष्णता, बहुधा प्रकाशही, बाहेर पडतो का? चारही प्रश्न लागतात. पहिल्यावरच थांबलं तर नायट्रोजन आणि ऑक्सिजनपासून नायट्रिक ऑक्साइड होतो तेही ज्वलन वाटेल, प्रत्यक्षात ती अभिक्रिया उष्णता शोषते. हायड्रोजन पेरॉक्साइडचं अपघटन दाखवणाऱ्या पत्त्यावर ऑक्सिजन उजवीकडे आहे. घाईत तो हमखास डावीकडचा समजला जातो, म्हणून तो पत्ता गठ्ठ्यातला सर्वांत कामाचा. लोखंड गंजण्याच्या पत्त्यावर ‘ज्वलन नाही’ आहे आणि ते ठीकच, पण कारण दिलेलं नाही: ते सावकाश होणारं ऑक्सिडीकरण आहे, ज्योत किंवा भडका नाही. सल्फर डायऑक्साइडपासून सल्फर ट्रायऑक्साइड होण्याच्या पत्त्यावर मात्र ‘ज्वलन’ छापलंय, ते खोडून टाकावं. ते उत्प्रेरकावर घडवून आणलेलं ऑक्सिडीकरण आहे, त्याला कुणी जळणं म्हणत नाही. हायड्रोजनच्या पत्त्यामागे ‘संयोग अभिक्रिया, ज्वलन नाही’ असं आहे, तेही चूक. ती एकाच वेळी दोन्ही आहे. हे प्रकार वेगवेगळ्या खणांतले नसतात, एकमेकांवर चढलेले असतात. चोवीसपैकी दोन उत्तरं चुकीची, ही शिकवायच्या साहित्यात लहान गोष्ट नाही.

पत्त्यांची आणखी एक उणीव अशी की सगळ्यांवर समीकरण पूर्ण लिहिलेलं आहे. परीक्षेत प्रश्न येतो तो ‘प्रोपेनच्या पूर्ण ज्वलनाचं संतुलित समीकरण लिहा’ असा. तिथे ऑक्सिजन आणि दोन्ही उत्पादितं मुलानेच आठवून लिहायची असतात. पत्त्याच्या उजव्या बाजूवर कागदाची पट्टी चिकटवून ती झाकली तर हा सरावही होतो.

माहितीपत्रकातली सर्वांत खटकणारी ओळ ऊर्जेबद्दलची आहे: बंध तुटले की त्यातली ऊर्जा बाहेर पडते. हे सरळ उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. बाहेर पडते ती नवे बंध होताना. मिथेनचा हिशेब गोळ्यांसमोर ठेवूनच मांडता येतो. सरासरी बंध-ऊर्जा किलोज्यूल प्रति मोलमध्ये धरल्या तर कार्बन-हायड्रोजनचे चार बंध ४१३ प्रमाणे १६५२, ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध ४९८ प्रमाणे ९९६. तोडायला एकूण २६४८ घातले. जोडताना कार्बन-ऑक्सिजनचे दोन दुहेरी बंध ७९९ प्रमाणे १५९८, ऑक्सिजन-हायड्रोजनचे चार ४६३ प्रमाणे १८५२. परत मिळाले ३४५०. फरक ८०२, आणि तोच ज्योतीची उष्णता म्हणून जाणवतो, पाणी वाफेच्या रूपात असताना. गंमत म्हणजे घट्ट बसलेली काडी ओढून काढताना बोटांना जोर लागतो, तेव्हा डब्याचा अनुभव बरोबर आहे आणि डब्याचं पत्रक चूक. ती ओळ पेनाने दुरुस्त करूनच पत्रक मुलांच्या हाती द्यावं.

अपूर्ण ज्वलनापाशी डब्याची मर्यादा उघडी पडते. मिथेनला ऑक्सिजनचा एकच रेणू द्या: पाण्याचे दोन रेणू होतात आणि काळा गोळा एकटा उरतो. ही काजळी, आणि इतकी छान दुसऱ्या कशाने दाखवता येणार नाही. पण कार्बन मोनॉक्साइड या गोळ्यांनी धड बनत नाही. त्यातला बंध तिहेरी मानतात आणि लाल गोळ्याला भोकं दोनच. दोन नळ्या लावल्या तर काळ्याची दोन भोकं उघडी राहतात. ती तशीच ठेवून ‘ही प्रतिकृतीची मर्यादा’ असं स्पष्ट सांगावं. एकच ठरलेलं समीकरण नसतं हेही याच वेळी सांगायला हवं: ऑक्सिजन किती कमी पडतो त्यावर मिथेनचे दोन रेणू तीन ऑक्सिजनबरोबर नुसता मोनॉक्साइड देतील, किंवा चार रेणू सात ऑक्सिजनबरोबर दोन मोनॉक्साइड, दोन डायऑक्साइड आणि आठ पाणी. दोन्ही समीकरणं संतुलित आहेत. म्हणून प्रश्नात ‘पूर्ण ज्वलन’ हे शब्द असणं महत्त्वाचं.

मॅग्नेशियमसाठी हिरवा गोळा उसना घेऊन ऑक्साइड जोडायचा मोह टाळावा. ते आयनांचं, म्हणजे विद्युतभारित कणांचं जाळं आहे, काडीने जोडलेली जोडगोळी नव्हे. वजनकाट्याचंही तसंच: अभिक्रियेआधी आणि नंतर गोळ्यांचं वजन सारखं भरतं हे दाखवायला हरकत नाही, पण गोळ्यांची वजनं अणूंच्या प्रमाणात नाहीत. काळा गोळा पांढऱ्याच्या बारा पट जड नाही. १६ ग्रॅम मिथेन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजनपासून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि ३६ ग्रॅम पाणी, हा हिशेब कागदावरच करावा.

घडण एकूण चांगली. काड्या सुरुवातीला फार घट्ट बसतात. सरळ ओढल्या तर आतच मोडतात आणि ते भोक कायमचं जातं. गोळा एका हातात धरून काडी पिळत बाहेर काढावी. नळ्यांचं उलटं आहे: वापराने टोकं सैल होतात आणि ऑक्सिजनचा रेणू उचलताच सुटतो. वर्ग संपल्यावर नळ्या वाकलेल्या अवस्थेत ठेवू नयेत, सरळ करून ठेवाव्यात. टेबलावर कापड अंथरलेलं बरं, नाहीतर पांढरे गोळे घरंगळतात आणि कपाटाखाली जाऊन बसतात.

पर्याय म्हणून मोबाइलवर समीकरण संतुलित करून देणारी साधनं आहेत. उत्तर तपासायला ती उत्तम, शिकायला कुचकामी. ती फक्त अणूंचा हिशेब जुळवतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी डावीकडे, मिथेन आणि ऑक्सिजन उजवीकडे लिहून दिलं तरी बिनतक्रार आकडे देतात. कोबाल्टच्या चिन्हातलं दुसरं अक्षर मोठं टाइप झालं की त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो आणि साधन काहीच बोलत नाही. रंगीत बटणं किंवा कागदाच्या चकत्या हा फुकटातला पर्याय जास्त चांगला, फक्त ऑक्सिजनच्या चकत्या जोडी-जोडीने चिकटवून द्याव्यात. सुट्या दिल्या की मुलं ऑक्सिजनचा अणू एकेकटा उचलतात आणि अर्ध्या रेणूचा सगळा मुद्दाच हातून निसटतो.

एकट्याने शिकणाऱ्याला एक डबा पुरतो, मिथेन आणि मिथेनॉल नीट झाले की पुढचं कागदावर. वर्गासाठी दोनाशिवाय घेऊ नये. गुण द्यायचे तर गोळ्यांना चांगले, पत्त्यांना बरे, पत्रकाला नापास. आणि दर वेळी डबा बंद करण्याआधी लाल गोळे मोजून ठेवावेत: आठाचे सात झाले की मिथेनॉल गेलं, इथेनॉल जेमतेम तरतं.